बंगळूरचं विमान

“त्या ड्रोनवाल्याचं कधी भलं हुणार न्हाय,” सम्राट म्हणाला आणि यशराजच्या बशीतला चहा हिंदकळला.

केरबाआप्पांच्या रक्षाविसर्जनाला आलेली माणसं अंगणात टेकली होती. सम्राट हा आप्पांचा एकुलता एक लेक, बंगळूरला नोकरीला. येईल त्या पाव्हण्याला तो तेच सांगत होता. बापाचं काही खरं नाही कळल्यावर दुपारचं विमान धरलं. विमान कोल्हापूरवर आलं, पण खाली कुणीतरी ड्रोन उडवत होतं म्हणून वरच्यावर माघारी नेलं. मग रातभर गाडी हाणली आणि पोचलो ते मातीलाच. ऐकणारा हळहळायचा आणि त्या ड्रोनवाल्याला दोन शिव्या हासडायचा.

तो ड्रोनवाला तिथंच, पायरीवर मान खाली घालून बसला होता. शेजारचा यशराज.

आता यशराज म्हणजे नियमाचा किडा. गडमुडशिंगीत ह्यांच्या उसाच्या बांधापलीकडं विमानतळाची भिंत. ड्रोनच्या नकाशात सगळं गाव लाल, म्हणजे परवानगीशिवाय उडवायचा नाही. मग हा गडी सुट्टीच्या दिवशी ड्रोन पाठीला लावून पार आजऱ्याकडच्या माळावर जायचा. नकाशा हिरवा दिसला की मगच पेटी उघडायचा. मित्र म्हणायचे, “लेका, पतंग उडवायला आजऱ्याला जाणारा तू पहिलाच.” लग्नात, जत्रेत लोकांनी हातापाया पडून बघितलं, पण हा कधी बधला नाही.

बधला तो परवा, आप्पांच्या खाटेपुढं. आप्पा कितीतरी दिवस अंथरुणाला खिळलेले. खाट अंगणात ओढून घ्यायची आणि आभाळाकडं बघत पडायचं, एवढंच उरलेलं. त्यांना एकदा आपला ऊस बघायचा होता.

“लाल पट्टा हाय आप्पा. हितं चालत न्हाय,” यशराज म्हणाला.

“ऊस माझा हाय. आभाळ कुणाचं हाय रं?”

यशराजनं पेटी उघडली. त्यानं ड्रोन नारळाच्या उंचीला नेला, तुरा आलेल्या उसावरनं एक फेरी मारली आणि उतरवला. मोबाईलमधला ऊस बघून आप्पा तोंडभर हसले. यशराज दुपारपाळीला शिरोलीला गेला आणि फौंड्रीच्या धडधडाटातच फोन आला की आप्पा गेले. तोवर कुणीतरी गावाच्या ग्रुपवर फोटो टाकला होता : विमानतळापाशी ड्रोन, कोण हाय हा शहाणा? तो फोटो बंगळूरला सम्राटनंही बघितला.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. म्हाताऱ्याला ऊस दाखवला आणि पोटचा लेक दाखवायचा ठेवला. तेव्हापासून यशराजला घास उतरत नव्हता. विमान काही त्याला दिसलं नव्हतं, पण वरनं त्यांना ड्रोन दिसला असंल की. जाणारा माणूस वाटेकडं डोळे लावून गेला असंल, आणि ते आपल्यामुळं. हे पाप कुठं फेडायचं?

सम्राट नव्या पाव्हण्याला पहिल्यापासून सांगायला लागला, तसा यशराज उठला.

“दादा, ड्रोन माझा हुता.”

जोतीराम म्हणून सम्राटचा मामा होता, तो म्हणाला, “पोलिसात द्या ह्याला.” सम्राट तावातावानं उठला, हात उगारला. पण तो हात खाली काही आला नाही. यशराजकडं बघायच्या ऐवजी तो विमानतळाच्या भिंतीकडंच बघत राहिला.

सम्राटची आई बाळाबाई दारात उभ्या होत्या. यशराज त्यांच्यापुढं गेला. “काकी, चूक माझी हाय. तुमच्या लेकाला मी आडवलं. मारा, न्हायतर पोलिसात द्या, मी न्हाय म्हणायचो न्हाय.”

बाळाबाईंनी त्याच्याकडं बघितलं, मग लेकाकडं बघितलं. “यशा, परसात ये,” त्या म्हणाल्या. “पाण्याची घागर उचलू लाग मला.”

परसात घागर रिकामीच होती. बाळाबाई दगडावर बसल्या. विमानाचा आवाज आला, तसा त्यांनी कपाळावर आडवा हात धरला. विमान घरावरनं खाली खाली गेलं, भिंतीआड टेकलं. एरवी गावात कुणी मान वर करत नाही. रोजचंच झालंय ते. बाळाबाई मात्र आवाज थांबेपर्यंत बघत राहिल्या.

“हे बंगळूरचं,” त्या म्हणाल्या. “आवाजावरनं आप्पा वळखायचं. रोज म्हणायचं, लेकाच्या गावचं इमान आलं बघ. परवा सम्राटचा फोन आलता, दुपारच्या इमानानं येतोय म्हणून. मग काय, ऊस बघून झाला तसं कान लावूनच पडलं हुतं.”

यशराजला रडू आवरेना. “माझ्यामुळं, काकी.”

“गप. दुसऱ्याचं पाप डोक्यावर घिऊन हिंडू नगंस. सम्राटला बोलायचं ते मी बोलीन, माणसं गेल्यावर.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “त्या दुपारी इमानाचा आवाज आला. ह्यांनी मान उचलली. भिंतीआड उतरूस्तवर बघितलं आन् म्हणालं, पोरगं उतरलं, चा टाक. मी चा टाकाय आत गेले. भाईर येईस्तवर गेल्यालं. त्वांड बघितलंस न्हवं तू, हसतंच हुतं.”

बाहेर सम्राट आणखी कुणाला तरी सांगत होता. त्याचा आवाज आता बारीक झाला होता.

“इमान आलतं, यशा,” बाळाबाई म्हणाल्या. “पोरगंच त्यात न्हवतं.”