सात नंबरची जागा

सेक्रेटरी सामंतांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि नंबर प्लेट कुठे आहे ते विचारलं.

"यायचीये," प्रियंका म्हणाली.

"कधी?"

"दोन हजार चाळीसच्या सुमारास."

भविष्यातली हायब्रिड गाडी कशी दिसेल, ते दाखवणारं हे प्रदर्शनातलं मॉडेल. डिझाइन प्रियंकाचं. प्रदर्शन संपल्यावर कंपनी ते भंगारात काढत होती, म्हणून तिने टेम्पोतून बोरीवलीला आणलं आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये सात नंबरच्या जागेवर लावलं. जागा तिच्या वडिलांची. भाऊरावांकडे गाडी कधीच नव्हती. ते तिथे खुर्ची टाकून पेपर वाचायचे. सोमवारी नोटीस लागली होती : ज्या जागेवर वापरातलं वाहन नाही, ती रविवारी वेटिंग लिस्टला जाईल. खुर्ची वाहनात धरली जाणार नाही, असं खाली पेनाने लिहिलं होतं.

"हँडल कुठाय?"

"हँडल जुनं झालं, काका."

"मग दार उघडतं कसं?"

"दार नाहीये. रेघ आहे."

सामंतांनी रेघेवरून बोट फिरवलं. रेघ सुरेख होती. ती जमायला प्रियंकाला चार महिने लागले होते.

"हायब्रिड म्हणजे दोन गोष्टींवर चालते ना?"

"हो."

"कुठल्या?"

"सध्या वॉचमन आणि दूधवाला." गेटपासून त्या दोघांनीच ढकलत आणली होती.

सामंत हसले नाहीत. वेटिंग लिस्टवर पहिलं नाव त्यांच्या मेव्हण्याचं होतं. "उद्या रविवार. आठला रजिस्टर घेऊन येतो. वापर दिसला पाहिजे. नाहीतर उचला."

ते गेल्यावर भाऊराव पुढे आले. घडीची खुर्ची त्यांच्या काखेत होती.

"जागा राहिली तरी मी बसू कुठे गं?"

डिझाइन करताना हा प्रश्न कंपनीच्या एकाही मीटिंगमध्ये निघाला नव्हता. प्रियंका खाली वाकली. गाडी जमिनीपासून चांगली दोन वीत उंच होती आणि आतून पूर्ण पोकळ.

"पप्पा," ती म्हणाली, "गुडघे कसे आहेत तुमचे?"

रविवारी आठ वाजता सामंत आले. सोबत मेव्हणा, मेव्हण्याकडे मेजर टेप. गाडी होती तशीच उभी होती. मेव्हण्याने टेप काढली तेवढ्यात गाडी खोकली. मग पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.

सामंतांनी काळ्या काचेवर टकटक केलं.

"बोला सामंत," गाडी म्हणाली.

"भाऊराव? आत कसे गेलात?"

"वाकून. मग झोपून. मग सरकून."

"अंधारात वाचता काय?"

"हेडलाइन दिसते. बाकीचं रोज तेच असतं."

"पण ही चालत नाही," मेव्हणा म्हणाला.

"नोटिशीत 'वापरातलं' लिहिलंय," गाडी म्हणाली. "चालणारं नाही."

नोटीस सामंतांनीच लिहिली होती. त्यांनी ती मनात पुन्हा वाचून पाहिली.

गाडीखालून एक हात बाहेर आला. चहाचा रिकामा ग्लास फरशीवर ठेवून परत आत गेला.

सामंतांनी पेनाचं टोपण काढलं. सात नंबरपुढे लिहिलं : वापरात.