बाबांसाठी सायकल

"ट्रेडमिल घ्या नाहीतर सायकल. व्यायाम तुम्ही करायचा, जोर घरी वडिलांच्या हृदयाला मिळणार," दुकानदार म्हणाला. अंथरुणाला खिळलेल्या बाबांच्या छातीतल्या चिपशी त्यानं दुकानातली सायकल जोडून दिली आणि हेमांगी पायडल मारू लागली.

दहाव्या मिनिटाला आईचा फोन आला. "अगं, वर्षभरानं उठून बसलेत! आपल्या हातानं चहा पितायत!"

हेमांगी घाम पुसायला थांबली.

"अगंबाई, कप पडला गं हातातून!"

तिनं घाबरून पुन्हा जोर लावला. पोटऱ्या भरून आल्या होत्या, श्वास पुरत नव्हता.

"मग हीच पॅक करतो. उतरा, मॅडम," दुकानदार म्हणाला.

तेवढ्यात फोनवर आई हसली. "ऐकतायत कुठं! गच्चीवर जातो म्हणाले. अर्धा जिना चढलेसुद्धा!"