गुरुवारची दाढ

“गार लागलं की हात वर करा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि चिमट्यातला थंड बोळा त्यांनी डावीकडच्या दाढेला टेकवला.

बाइंडरकाकांनी हात वर केला. चेहराही जरा वाकडा केला. सगळं आयुष्य पुस्तकं बांधण्यात गेलेलं, नाटकाचा अनुभव शून्य. पण जमून गेलं.

“अजून लागतंय म्हणायचं,” बाई म्हणाल्या. “पुढच्या गुरुवारी बघू.”

एवढं ऐकायलाच तर काका येत. बायको गेल्यापासून घर खायला उठायचं. इथे तपासणी झाली की बाई खुर्ची सरळ करून द्यायच्या आणि गप्पा निघायच्या. मांजर, गळका नळ, हल्लीची न टिकणारी पुस्तकं, काहीही.

सुरुवातीचं दुखणं मात्र खरं होतं. तेव्हा बाईंनी नीट समजावलं होतं. “गार लागून कळ लगेच थांबली, तर नुसतं भरून भागतं. ती रेंगाळायला लागली, झोपेतून उठवायला लागली, तर कीड आतल्या नसेपर्यंत पोचली समजा. मग रूट कॅनल. नस काढायची, मुळं साफ करून भरायची, वर कॅप. दाढ वाचते.” काका आ वासून बसले होते. निम्मं डोक्यावरून गेलं.

कॅप बसली, दुखणं संपलं. नंतर बाईंनी सहज बघायला बोलावलं, तेव्हा “थोडं गार लागतं” असं काकांच्या तोंडून निघून गेलं. तेव्हापासून दर गुरुवारी लागतच होतं.

आपली वेळ बाई गर्दी टाळून ठेवतात, याचं त्यांना अप्रूप होतं. मदतनीस सोडून गेल्यामुळे दारही बाईच उघडत. बाहेरची पाटी रंगवायला दिली होती. बाहेरच्या खोलीतली फाटकी मासिकं काकांनी शिवून दिली होती. ती त्यांनी रचली तशीच टेबलावर असायची. लोकांना वाचायची सवयच राहिली नाही, असं ते मनात म्हणायचे.

एका बुधवारी परगावाहून सुनेचा फोन आला. “बाबा, माझंही रूट कॅनल झालं. आता बर्फ चावला तरी कळत नाही. नसच नाही, तर कळणार कशाने?”

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे बाईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. किती गुरुवार त्या या खोटारड्या म्हाताऱ्याला सहन करत होत्या. आता तिथे तोंड दाखवायची सोय नव्हती.

गुरुवारी ते गेले नाहीत. इस्त्रीचा शर्ट घालून घरातच बसून राहिले. फार एकटं वाटलं.

फोन वाजला.

“आज आला नाहीत?” बाईंचा आवाज होता.

“डॉक्टर, दाढ दुखत नाही. गारही लागत नाही. मी खोटं बोलत होतो. तुमचा फार वेळ खाल्ला, बाकीचे पेशंट ताटकळले असतील. माफ करा.”



“पेशंट कुठले?” बाई हळूच म्हणाल्या. “तुमची कॅप बसवली त्याच आठवड्यात मी दवाखाना बंद केला. गुरुवारी कुलूप काढते ते तुम्ही येता म्हणून.”