दोन चंद्रांची भरती

"थांब रं धर्मा," सोनूबाई म्हणाली. "तुझ्या त्या ग्रहावर चांद किती हायत?"

"दोन," कागदातून डोकं वर न काढता धर्मा म्हणाला.

"मग होडी तीन वाजता कशी सुटली?"

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर जवळा वाळत घातला होता. बायका कावळ्यांवर नजर ठेवून बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर उपड्या टोपलीवर बसून धर्मा आपली चौदावी विज्ञान-कादंबरी वाचून दाखवत होता. आधीच्या तेराही त्याने इथेच वाचल्या होत्या. बर्फाच्या कारखान्यात मशीन सांभाळता सांभाळता लिहायचं, रविवारी या बायकांना ऐकवायचं, आणि त्यांचं समाधान झालं की मगच मुंबईला प्रकाशकाकडे धाडायचं, असा त्याचा एकतीस वर्षांचा रिवाज. कारखाना सुटला तरी रविवार सुटला नव्हता.

"चतुर्थी होती ना," तो समजावू लागला. "तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चाराची पाऊणपट तीन. तूच शिकवलंस मला."

"ते आपल्या एका चांदाचं. तुझे दोन हायत. तिथी कुठल्या चांदाची धरलीस?"

धर्मा पानं मागे उलटू लागला. सोनूबाईच्या शेजारी बसलेली केसर फिसकन हसली. "बुडाली होडी! कप्तानासकट बुडाली!"

"दोनशे बारा पानं," धर्मा म्हणाला. "सगळीकडे भरती चुकली." आणि मग तो इतक्या मोठ्यांदा हसला, की टपून बसलेले कावळे आपसूक उडाले.

प्राप्ती, त्याची मुलगी, होडीच्या सावलीत बसून हे ऐकत होती. ती अलिबागच्या कॉलेजात मराठी शिकवायची. बाबांच्या मागच्या कादंबरीतला यंत्रमानव शेवटी मरता मरता वाचतो, त्यावर एका समीक्षकाने 'लेखकाची करुणामय दृष्टी' असं लिहिलं होतं. ती दृष्टी केसरची होती. "त्याला आई न्हाय, बाप न्हाय, आणि वर तू मारतोस?" असं म्हणून ती दोन रविवार धर्माशी बोलली नव्हती.

"तुला कशी वाटली गं?" धर्माने विचारलं.

प्रत्येक पुस्तकानंतर तो हे विचारायचा. प्राप्तीने एकेक पुस्तक एका बैठकीत संपवलं होतं, आणि दर वेळी "नंतर सांगते" म्हणून वेळ मारून नेली होती. आपल्या मताला वजन आहे असं तिला वाटे. ते मत एखाद्या खूप मोठ्या पुस्तकासाठी ती राखून ठेवत आली होती.

"आधी भरती नीट करा बाबा, मग सांगते."

"हे बाकी खरं," असं म्हणून तो खुशीत उठला.

संध्याकाळभर बापलेक कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडत बसले. तो सांगायचा, ती गुणाकार करायची. दोन्ही चंद्रांची भरती सत्तावीस दिवसांनी एकत्र येते, असं निघालं. त्याने तेवढ्यातच होडी सुटते ते प्रकरण नव्याने लिहूनही काढलं. जेवताना म्हणाला, "सोनूबाईला सांगून ये, होडी तरली."

सकाळी तो उठला नाही.

तेरावं झालं. पुढच्या रविवारी सोनूबाई दारात येऊन उभी राहिली. "पुढं काय झालं गो?"

"कशाचं?"

"होडीचं. किती दिवस खोळंबून ठेवशील माणसांना?"

प्राप्तीने कागद घेतले आणि तिच्यामागून किनाऱ्यावर गेली. बायकांनी जागा करून दिली. ती उभ्यानेच वाचू लागली. कप्तान होडी ढकलणार इतक्यात बंदरावर मासळी निवडणारी एक म्हातारी त्याला विचारते, कोणत्या चांदाच्या भरवशावर निघालास रे? कप्तान खजील होऊन परत फिरतो. सत्तावीस दिवस त्याला थांबावं लागतं, आणि रिकामा बसलाय म्हणून बंदरावरच्या बायका त्याला कावळे हाकायला बसवतात. त्या ग्रहावरच्या कावळ्यांना चार पंख असतात.

"चार!" केसरने डोक्याला हात लावला. "दोनांनीच जीव नकोसा केलाय."

"आणि म्हातारी कुणाला म्हणतोस रं धर्मा?" सोनूबाई समुद्राकडे तोंड करून ओरडली, तो तिथेच कुठेतरी लपला असल्यासारखी. "तुझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठी हाय मी!"

बायका हसता हसता एकमेकींच्या अंगावर कलंडल्या. हसू ओसरेना. पदराने डोळे पुसत केसर म्हणाली, "वाच गो पुढं."

प्राप्तीने शेवटपर्यंत वाचलं. होडी सुटली, दोन्ही चंद्र डोक्यावर घेऊन. तिने कागद नीट जुळवले, छातीशी धरले आणि तीही समुद्राकडे वळली.

"आवडली, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "चौदाच्या चौदा आवडल्या."