नव्या पैशाएवढी फट

"एका बोल्टासाठी तीनदा आत जाते ही बाई. अशानं मृग निघून जाईन," गुणवंता भैय्याजींच्या कानाशी पुटपुटला.

गुणवंता भैय्याजींचा ट्रॅक्टर चालवायचा. ट्रॅक्टर बुटका, संत्र्याच्या झाडांखालून सरळ जाणारा. स्वातंत्र्य आलं तेव्हा एक गोरा साहेब तो विकून गेला होता. आता क्लच झिजला होता. इंजिन ओरडायचं, चाक हलायचं नाही.

रामाकोन्यातली, बागेला लागून असलेली ही शेडही भैय्याजींचीच. तिथं पुंडलिकराव मिस्त्री काम करायचे. ते मागच्या खोलीत आजारी पडले, तेव्हापासून पाने-हातोडे त्यांच्या बायकोच्या, अंबाबाईच्या हाती होते.

"आज चालला तं ठीक," भैय्याजी शेडची जास्तीची किल्ली बोटाभोवती फिरवत म्हणाले. "नाही तं सोमवारी नागपूरचा मिस्त्री येईन. मग शेड त्याची."

"आपण मध्य प्रदेशात, नागपूर तं आता मुंबई राज्यात गेलं," अंबाबाई म्हणाली. "परमुलखातला माणूस आणता?"

"तुमचे मिस्त्री काय म्हणतात, ते सांगा."

पदराला हात पुसून ती आत गेली. पडद्यामागं खोकला ऐकू आला. ती बाहेर आली.

"ते म्हणतात, रिव्हेटचं डोकं अस्तराच्या खाली बसलं पाहिजे. नाही तं लोखंड खरवडते."

तिनं क्लचप्लेटीवर नवं अस्तर चढवलं, तांब्याची रिव्हेटं ठोकली, वरून अंगठा फिरवून पाहिला. प्लेट जागेवर बसवली. पुन्हा आत, पुन्हा बाहेर.

"ते म्हणतात, क्लचची बोटं अन् बेरिंगमधी नव्या पैशाएवढी फट ठेव. तिन्ही बोटांले सारखी."

चंचीतून तिनं नवाकोरा पैसा काढला आणि क्लचच्या तिन्ही लोखंडी बोटांखाली सरकवून पाहिला. गुणवंता आढ्याकडे बघू लागला. भैय्याजी मात्र त्या नाण्याकडेच बघत राहिले.

दुपारी ट्रॅक्टर सुरू झाला. गुणवंतानं पाय हळूच उचलला. नांगर मातीत रुतलेला, तरी ट्रॅक्टर बैलासारखा मान खाली घालून निघाला, तो थेट बागेच्या टोकाला. तिथून गुणवंतानं पागोटं हवेत फिरवलं. "शाबास," भैय्याजी म्हणाले.

"त्याहिले तुमची शाबासकी सांगतो," म्हणत अंबाबाई आत वळली.

"थांबा." भैय्याजींनी किल्ली तिच्या काळ्या तळहातावर ठेवली. "सरकारचा हा नवा पैसा यंदा चैतात निघाला, अंबाबाई. मिस्त्रीची वाचा तं संक्रांतीलेच गेली होती."