भोंग्यानंतरचा चहा

पिंपरीला कारखाना उभा राहिला आणि उद्धवरावांच्या हॉटेलात चहा करणारा तरणाबांड दादू तिकडं निघाला. त्याला ठेवून घ्यायला उद्धवरावांनी पगार वाढवला, शेवटी गल्ल्यावर बस म्हणाले. दादू म्हणाला, “मालक, कंपनीत रविवारची सुट्टी असती. तुमी द्याल?”

हॉटेलाला कुठला आलाय रविवार!

महिन्याभरानं एका संध्याकाळी, कंपनीचा भोंगा झाल्यावर दादू खाकी कपड्यात, गिऱ्हाईक म्हणून बाकावर येऊन बसला. उद्धवरावांनी स्वतः चहा आणून ठेवला. एक घोट घेताच त्यानं तोंड वाकडं केलं. “मालक, ह्यो चहा न्हाई, काढा हाय. सरका!” बाह्या सारून तो भट्टीपाशी गेला, आलं ठेचलं, नवं आधण ठेवलं. तेवढा वेळ हॉटेल पुन्हा पहिल्यासारखं झालं. जाताना म्हणाला, “नव्या गड्याला नीट शिकवा.”

नवा गडी शिकलासुद्धा. आता गिऱ्हाईकं त्याच्याच चहाचं नाव काढतात. फक्त संध्याकाळी कंपनीचा भोंगा झाला, की उद्धवराव त्याला मागं पाणी आणायला धाडतात आणि उकळत्या पातेल्यात मूठभर पत्ती जास्तीची टाकतात.