वाकडा पैलू

काकांचा हात आज थरथरत नव्हता, आणि हिऱ्यांच्या कारखान्यात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

चकती गरगर फिरत होती. काकांच्या पकडीत हिरा होता आणि त्याचा एकच पैलू पाडायचा राहिला होता. दूरदेशाहून आलेली खरेदीदार बाई भिंग घेऊन मागे उभी होती. आटलेल्या झऱ्याकडे बघावं तसे मालक काकांच्या हाताकडे बघत होते. हात निवांत होता, उन्हात निजलेल्या मांजरासारखा.

याच थरथरीपायी मालकांनी काकांना एकदा घरी बसवलं होतं. मग सगळे हिरे यंत्रं कापू लागली. खाणीतला हिरा आणि प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा शेजारी ठेवले, तर आई कोण नि मावशी कोण ते कळेना. गिऱ्हाइकं बिथरली. इतकं नीटनेटकं काही खरं असतं होय, असं विचारू लागली. तेवढ्यात जुन्या मालात काकांच्या हातचा एक हिरा निघाला. त्याचा एक पैलू केसभर वाकडा होता. तो बघणाऱ्या एका गिऱ्हाईक बाईला म्हणे भिंगाआड रडू फुटलं. त्याच संध्याकाळी मालक काकांच्या दारात हजर.

तेव्हापासून प्रत्येक हिऱ्याचा शेवटचा पैलू काकांचा. अभियंत्यांनी यंत्राला थरथरायला शिकवून पाहिलं, पण ते दर वेळी सारखंच थरथरे, हुकमावर शहारणाऱ्या शिपायासारखं. काकांच्या थरथरीचा विमा उतरवला गेला. त्यांच्या खुर्चीला गादी लावायची नाही असं ठरलं. उगाच हाताला आराम पडायचा. घरी कुलपासारखे गप्प बसलेले काका आता शीळ घालत कामावर येऊ लागले.

घात केला तो लेकीच्या मायेने. तिने त्यांना मोठ्या डॉक्टरकडे नेलं आणि गोळी सुरू झाली. ती काकू स्वतः द्यायच्या. त्यांच्या तळव्यावरून काकांच्या तळव्यावर येईतो गोळी हमखास खाली पडायची. तुमचाच हात हलला, असं काकू म्हणायच्या. चहाचा कप बशीत खडखडत यायचा, तोही काकांच्याच धक्क्याने. काका निमूट मान्य करायचे. म्हाताऱ्यांना वेगळं राहू द्यायला लेक तयार झाली होती ती एवढ्याच बोलीवर, की बाबांचे हात गेले तरी आईचे धड आहेत.

काल गोळी लागू पडली. काकूंनी कधीची बाजूला टाकलेली सुई काकांनी हौसेने ओवून दिली. काकू त्या दोऱ्याकडे बघत राहिल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. आत एक वाटी पडली.

आणि आज ही पंचाईत. काकांना बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला लावलं. कडक कॉफी पाजली. एका अभियंत्याने पाठीमागे कागदी पिशवी फोडली. काका हलले नाहीत, बाई मात्र उडाली. हात हलावा म्हणून मालकांनी काकांना कामावरून काढल्याचं खोटंच जाहीर केलं. काकांना खूप वाईट वाटलं, पण हाताला काही वाटलं नाही. शेवटी दोघा अभियंत्यांनी मिळून टेबल हलवलं आणि काकांकडून एका टाकाऊ खड्यावर पैलू पाडून घेतला. बाईने भिंगातून पाहिलं आणि, हे टेबल आहे, माणूस नाही, असा निकाल दिला. दुसऱ्या एका कारखान्यात सतत उचकी लागणारे आजोबा आहेत, आपण तिकडे जातो, असं म्हणून तिने पिशवी खांद्याला लावली.

तेवढ्यात काकू आल्या. सकाळच्या गडबडीत काका गोळी घ्यायची विसरले होते, ती पदराच्या टोकाला बांधून त्या आल्या होत्या. मालकांनी त्या गाठीकडे साप बघावा तसं बघितलं.

काका हळूच म्हणाले, "अगं, जमत नाहीये. परत घरी बसावं लागणार."

काकूंनी स्टूल ओढलं. चारचौघांत त्यांनी नवऱ्याचा हात कधी धरला नव्हता. आज धरला.

"पाडा तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी आहे."

हिरा चकतीला टेकला. बारीक सूर निघाला, कुणी दूरवर गुणगुणत असल्यासारखा. काकांनी पकड उचलून बाईच्या हाती दिली. तिने भिंग लावलं, आणि बराच वेळ काढलंच नाही. मग तिने डोळे पुसले. मालकांनी अभियंत्याला मिठी मारली.

काका हिऱ्याकडे बघतच नव्हते. त्यांचा हात टेबलावर होता, स्थिर. त्यावर काकूंचा हात होता, वाऱ्यावरच्या पानासारखा. कप, वाटी, सुई, खाली पडणारी गोळी, सगळं एकामागून एक येऊन त्या हाताखाली बसलं.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"तुमच्याही आधीपासून." काकू हात मागे घेऊ लागल्या, काकांनी सोडला नाही. "दोघांचेही हलतात हे पोरीला कळलं असतं, तर तिने घर मोडून आपल्याला उचलून नेलं असतं."

काकांनी पदराची गाठ सोडली. गोळी टेबलावर ठेवली, हत्यारांतलं एक पातं उचललं आणि एकदाच दाबलं. अर्धी काकूंच्या तळव्यावर ठेवली, अर्धी स्वतःच्या तोंडात टाकली. "अर्ध्यात तुझा कप खडखडायचा नाही," ते म्हणाले, "आणि माझा हात उद्यापासून कामापुरता हलेल."

बाईने वाकून सवयीने काकूंच्या तळव्यावरच्या त्या अर्धुकाला भिंग लावलं आणि नाक मुरडलं. काप फारच सरळ आहे, म्हणाली; हे काही माणसाच्या हातचं नव्हे.